तेरावा महिना

नियम सोपा आहे: दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही,
काढायचं नाही. खोकलासुद्धा आपला आपण वेगळा ठेवायचा.
फोज्जाच्या त्या ऑफिसात, रेडिएटरला पाठ लावून,
अकरा वर्षं मी अशीच बसते.
कानात तिग्रिन्या, तोंडात इटालियन,
मधल्या जागेत कुणी राहत नाही.

हाफ्तोम गेब्रेझगी आला तेव्हा त्याच्या नखांत
टोमॅटोच्या देठांचा हिरवट काळा चीक वाळलेला.
हात मांड्यांखाली दाबून बसला.
परवाना संपलेल्यानं काम करायचं नसतं,
आणि काम केल्याशिवाय इथवर यायला बसचं भाडं नसतं.
खोलीतल्या सगळ्यांना दोन्ही माहीत होतं.

“भावाला कधी नेलं?”
“पागुमेच्या तिसऱ्या दिवशी.”

मी थांबले.

बारा महिने तीस-तीस दिवसांचे, एका मापाचे,
मग वर उरतात ते पाच दिवस. आमच्याकडे
त्या पाचांचा अख्खा महिना धरतात. शेंडेफळ.
त्या तेराव्यात दुष्काळ नसतो.
तिसऱ्या दिवशी राफाएलचा सण,
त्या दिवशीचा पाऊस अंगावर घ्यायचा असतो.
बाया पोरांना उघडी करून अंगणात सोडतात,
भिजवलेल्या पिठात दोन थेंब पडू देतात.
भाऊ काही पोर नव्हता, एकोणीसचा होता,
तरी सदरा काढून उभा राहिला, हाफ्तोम म्हणाला,
आणि ट्रक आला तेव्हा
सदरा आईच्या हातात होता.

हे सगळं मी इटालियनमध्ये आणलं. सदऱ्यासकट.
तारीख मात्र

अधिकारी बाई वाईट नव्हती. पेन उचलून धरलं होतं तिनं.
दिवस, महिना, वर्ष.
मी टेबलाखाली बोटं मोजली, आठ वर्षं मिळवली,
म्हणाले, “आठ सप्टेंबर.”
सण त्या वाक्यातून कोरडाच निघून गेला.

बंदरावर उतरल्या रात्री दुसऱ्या कुणी दुभाष्यानं,
फोनवरून, अर्ध्या झोपेत असेल बिचारा,
लिहून दिलं होतं: तीस ऑगस्ट.
आणि वर्ष तसंच ठेवलेलं, आठ मागे.

निकाल चार महिन्यांनी आला.
अर्जदाराच्या कथनात विसंगती.
त्या कागदाच्या हिशेबानं भाऊ
अकरा वर्षांचा असताना नेला, आणि परत
एकोणीसचा असताना नेला, म्हणून
नेलाच नाही.

हाफ्तोमनं रानातून फोन केला. मागे क्रेट आदळत होते.
रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.
“मुकादमाचं असं नसतं,” म्हणाला.
“तो तारीख विचारत नाही. खोके मोजतो.
तेरा भरले तर बाराचे पैसे देतो.
पण तेरा भरले,
हे त्याला माहीत असतं.”

काय बोलायचं त्यावर. मी विचारलं, जेवलास का.

वकीलबाई ऑर्नेल्ला जिन्यात सिगरेट विझवत म्हणाली,
तीस दिवस आहेत, त्यातले बावीस गेले,
अपील ऑनलाइन भरू, तू नुसती शेजारी बस.
मी शेजारी बसले नाही. कीबोर्ड ओढून घेतला.
दिवस: तीन. वर्ष: त्याचं.
महिन्याच्या रकान्यात तेरा टाइप केलं.

चौकट लाल झाली.
कृपया एक ते बारा यांमधील संख्या लिहा.

ऑर्नेल्ला म्हणाली, अगं सप्टेंबर लिही ना,
तुला येतं की.

मी पुन्हा तेरा टाइप केलं.