खिडकी क्रमांक दोन

माझ्या बाजूला एसी,
त्यांच्या बाजूला सोहारचं ऊन आणि रांग.
काचेच्या तळाशी अर्ध्या भाकरीएवढं भोक:
त्यातून नोटा येतात, पावत्या जातात.
बाकीचं काचेवरच अडतं, वाफेसारखं.

कादर परकार. गाव मंडणगडच्या खाली.
काम एसी दुरुस्ती, पगार तीनशे दहा रियाल.
माझ्या पडद्यावर त्याची ओळ एप्रिलपासून लाल:
मुलगा नववी, मुलगी पाचवी,
बाकी दोनशे चौदा रियाल, पाचशे बैसा.

"पगार पुरा मिळतो, मॅडम. एक बैसा कापत नाहीत.
इथे कर नाही."
असं म्हणून तो दोन्ही पंजे काचेसमोर उघडतो.
घोसाळकर गुरुजी समानार्थी शब्द घोकून घ्यायचे:
कर म्हणजे हात, कर म्हणजे सारा.
आम्ही ओरडून म्हणायचो, अर्थाशी देणंघेणं नसल्यासारखं.

जुलैत तो रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेत
एसी धुवायला गेला होता. शिडीवरून सगळं पाहिलं:
सूक्ष्मदर्शकं, अजून प्लास्टिकमधली;
बाकांवर नावं कोरलेली नाहीत;
पुस्तकं फुकट, बस फुकट.
"त्यांचं आहे, त्यांना मिळतंय. बरंच आहे."
राग नव्हता. शिडीवरून उतरलेल्या माणसाचा
थोडा दम होता फक्त.
त्या शाळेचा पैसा जमिनीखालून येतो,
आमच्या शाळेचा या भोकातून.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, संगमेश्वराकडची.
बाबा म्हणायचे, फुकट आहे तोवर शिकून घ्या.
फुकट कसली?
बाबा दिवसाला एक बंडल बिडी ओढायचे.
बंडलावर कर, काड्यापेटीवर कर.
माझी बाराखडी त्यांच्या छातीतून गेलीय,
खोकत खोकत.
आणि सोलापुरात कुणी पंखा घेतला असेल,
अकोल्यात कुणी सायकल,
त्यातले चार पैसे फिरत फिरत
आमच्या कौलांवर येऊन बसले असतील.
त्या माणसांना मी कधी पावती दिली नाही.
आता दिवसाला दोनशे फाडते.

"दोघांची नाही झेपत," कादर म्हणाला.
"पोराची पुढच्या वर्षी दहावी. पोरीचा दाखला द्या."
पोरीचाच का, हे मी विचारलं नाही.
तसा रकाना नाही माझ्याकडे.
मला घोसाळकर गुरुजी आठवले नाहीत तेव्हा,
माझा भाऊ आठवला. आम्हा दोघांनाही
पाठवलं बाबांनी, कारण दोघांची मिळून
फी शून्य होती.
शून्य असली की निवडावं लागत नाही.

गावच्या शाळेत पट सात.
तिथल्या बाईंनी तीनदा फोन केलाय:
तीस सप्टेंबरच्या आत पाठवा,
आठवं नाव लागलं तर बघू, शाळा तगते का.
इथे प्रवेशाला चिठ्ठ्या टाकतात आम्ही.

अफिया बापाच्या मागून पुढे आली.
हनुवटी भोकापाशी टेकवून म्हणाली,
"तिथे माझी फी कोण भरणार?"
"लोक," मी म्हटलं.
"कुठले लोक?"
"तुला न ओळखणारे."
तिला ते खोटं वाटलं. दोनदा पाहिलं माझ्याकडे,
मी चेष्टा करतेय का म्हणून.

दाखल्याचे दोन रियाल मी माझ्या पाकिटातून टाकले.
पावती त्याच्याच नावाची निघाली,
मशीनला दुसरं नाव येत नाही.

तो जायला वळला आणि थांबला.
कान वर करून ऐकलं त्याने काचेतून.
"मॅडम, तुमच्या एसीत गॅस कमी आहे.
संध्याकाळी येतो. भरून देतो."
"किती घेणार?"
त्याने हात हलवला फक्त,
काही नाही, असा.
मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं,
पुढे सरकला.