सहा नंबरची पट्टी

मी मिक्सरवर असते असं म्हटलं की
सोसायटीतल्या बायकांना चटणी आठवते.
मीही दुरुस्त करत नाही.
वाटणच ते शेवटी:
काय किती घालायचं,
आणि काय घातलंय ते कळू द्यायचं नाही.

डिसेंबर. एरंडवण्यातलं छोटं सभागृह.
साडेपाचपासून केबलींची वेटोळी सोडवतेय.
तपकीर गल्लीतून आणलेली नवी वायर घरघरतेय,
लाइटवाल्याच्या डिमरमधून शिरलेली घरघर.
प्लग बदलला. गेली.
गेल्यावर कळलं, किती वेळ दात आवळून बसले होते.

मास्किंग टेपवर मार्करने लिहिलं:
तबला, डग्गा, पेटी, तानपुरा, ताई, ऋजुता.
सहा पट्ट्या.

नाना पेठेतल्या मुजावरचाचांनी शिकवलं हे सगळं.
आधी गेन, म्हणायचे.
समोरचा किती जोरात बोलतो ते ऐकून घे,
मग ठरव त्याचं किती ऐकवायचं.
वाढवायच्या आधी बघ, दुसरं काय कमी होतंय.
अडीचशेला गढूळ होतं, तिथे थोडं काप.
अडीच हजारांवर शिट्टी दबा धरून असते, तिला ओळखून ठेव.
आणि फेडर ढकलायचा नाही, पोरी,
नाडी बघतात तसं बोट ठेवायचं.

हेमलताताई आल्या. शाल, थर्मास, डबीत लवंगा.
काळी पाचच्या बाई, आता काळी तीनवर उतरलेल्या.
मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणाल्या,
"मला माझा आवाज जरा कमीच दे गं.
हल्ली दचकायला होतं."
दिला कमी.

विलंबित रंगात आला
तोच तिसऱ्या रांगेतून चिठ्ठी आली:
तबला कानात बसतो आहे. कळावे. एक श्रोता.
कशालाच न जोडलेलं एक बटण मी
त्यांना दिसेल असं फिरवलं.
त्यांनी समाधानाने मान डोलावली.

मग बागेश्रीचा अंतरा.
तार षड्ज समोर उभा, दोन पावलांवर,
आणि हेडफोनमध्ये मला एकटीला ऐकू आलं:
श्वास घेताना काहीतरी टरकलं, जुन्या साडीसारखं.
मीटरचे हिरवे दिवे चढेनात.
मागे ऋजुता तोच षड्ज धरून,
शिष्येने धरावा तसा, अदबीने, अर्ध्या आवाजात.

बोट सहावर होतं.
एक केसभर वर.
अजून एक.
पाच होती तिथेच ठेवली,
ताईंची पट्टी मी खाली घेतली नाही,
एवढं कुणीतरी लिहून ठेवा.

सभागृह उठलं. "वा!" म्हणाले, टाळ्या पडल्या,
तिसऱ्या रांगेतल्यांनी तर डोळे पुसले.
स्टेजवर काहीच बदललं नव्हतं.
मॉनिटरची वाट फेडरच्या आधीच फुटते,
त्यांना कळणं शक्यच नव्हतं.

सतरंज्या गुंडाळत होते तेव्हा त्या टेबलापाशी आल्या.
टेपवरची नावं चष्म्याशिवाय वाचली.
सहाव्यावर बोट ठेवलं.
"मागच्या भिंतीवरून परत आला ना,
तो माझा नव्हता."

मी काही बोलले नाही.
"किती वाढवलास?"
"तीन डीबी."
"म्हणजे किती?"
मला नीट सांगता येईना. म्हटलं, थोडंसं.
"हं," त्या म्हणाल्या. "तेवढाच कमी पडत होता."
लवंगेची डबी पुढे केली.
मी एक घेतली.

रात्री कर्वे रोडवर, टेम्पोची वाट बघत,
चाचांना फोन लावला.
त्यांना आता ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलतात.
"चोरी केलीस? कुणाला कळलं का?"
एकीला, म्हटलं.
"काय?"
एकीला.
"आवाज येत नाहीये!"

मग बंद दुकानांच्या त्या रस्त्यावर
पोटातून ओरडले,
एकीला, चाचा! एकीला!