हवा वऱ्हे जास

एस्टीमचे मोठे कॅलिपर मालेगावच्या भंगारातून आणले,
दोन्ही मिळून बावीसशे, दुपारभर घासाघीस करून.
डिस्क नव्या, पॅड नवे, होज नवे.
जुनी आठशे आता बोट लावलं तरी थांबेल,
असं मी निम्म्या चाळीसगावला सांगून बसलो होतो.

पेडल मात्र पिकल्या केळासारखं.
दाबलं की जातं, जातच राहतं,
तळाशी पोचता पोचता नाइलाजानं थांबतं.
लागोपाठ चारदा मारलं तर उभं राहतं
उसन्या हिमतीवर,
जरा दम घेतला की बसलंच.

बहिणीच्या दुकानामागं, कडुलिंबाखाली, गाडी जॅकवर.
एप्रिल. पान्हा ओल्या फडक्यात गुंडाळल्याशिवाय धरवत नाही.
पोऱ्या लग्नाला गेला पारोळ्याला,
म्हणून कोकिळाला हाक मारली.
तिचे एकोणीस ब्लाउज अडकलेले, तरी आली,
गळ्यात टेप, चप्पल बाहेर काढून सीटवर बसली
जणू देवळात.

दाब.
(मी निपल सैल करतो. सलाइनची नळी, बाटलीत तेल.)
धर.
(निपल आवळतो.)
सोड.

मागचं डावं. मागचं उजवं. पुढचं डावं. पुढचं उजवं.
पुन्हा पहिल्यापासून.
दाब, धर, सोड, दाब, धर,
बावीस वर्षं मशीन चालवलेला पाय,
माझ्या शब्दाच्या अर्धा क्षण आधीच थांबतो.
तिसरी बाटली संपली ब्रेक ऑइलची.
एक थेंब मडगार्डवर पडला, तिथला रंग
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला.

मास्टर सिलिंडर उघडून रबर पाहिलं. चांगलं.
मागच्या ड्रमचे शू ओढून घेतले. केसभर फरक.
होज फुगतो का, मुठीत धरून बघितला. नाही फुगत.
मग मी त्या मालेगाववाल्याला शिव्या दिल्या,
त्याच्या दुकानाला, दुकानाच्या पाटीला.
कोकिळा खिडकीतून म्हणाली, पेडल दोऱ्यासारखं लागतंय रे,
बॉबिनमध्ये सैल भरलेल्या.

दुपारी तिनं कळण्याची भाकरी आणली, मिरचीचा ठेचा.
आम्ही चाकाशेजारी पोतं टाकून जेवत होतो.
जेवता जेवता ती वाकली, चाकाच्या पोकळीत बघत राहिली,
मग पलीकडे जाऊन तिथंही वाकली.
आठे खाले से, तठे बी खाले.
काय?
ती तुन्ही टोपीवाली खुट्टी. दोन्हीकडे जमिनीकडे तोंड.

मी घास तसाच धरून बसलो.

डावी बाही उजवीले लाई दिधी तू, ती म्हणाली,
नव्या पोरी करतात, घालून बघेपर्यंत कळत नाही.
हवा वऱ्हे जास, भाऊ.
तू तिले दार खाले दिधं.

खरंच. सकाळपासून ती हवा कॅलिपरच्या माथ्यावर
आरामात बसून होती,
आणि मी तिच्या पायाखालून तेल काढत होतो,
लिटरभर, मन लावून.

दोन्ही उलटे लावले. खरं तर सुलटे.
दाब. धर.
आणि नळीतून बुडबुडे निघाले, आधी मोहरीएवढे,
मग एक लांबलचक, निर्लज्ज, तेलाला दोन तुकडे करत गेलेला.
सोड.
पाचव्या वेळी ती म्हणाली, आता कापड लागलं पायाला.

संध्याकाळी कन्नड घाट चढून वर गेलो, आणि उतरायला लागलो.
दुसऱ्या वळणावर कांद्याचा ट्रक,
क्लीनर दगड हातात घेऊन मागून पळतोय.
मी पाय ठेवला. पेडल बोटभर गेलं आणि तिथंच थांबलं,
गाडी नाक खाली घालून जागच्या जागी.

बाजूच्या सीटवर कोकिळा,
अनवाणी उजवा पाय मोकळ्या मॅटवर रुतवलेला.
ट्रक निघून गेला. कांद्याचा वास राहिला.
तिचा पाय तसाच,
मी सोड म्हणायचं विसरलो होतो.