खिडकी बंद असताना

जुवेना, तू विचारलंस, या लाइनीत कशी आलात,
तेव्हा मी कॉफीच्या मशीनला नावं ठेवून विषय बदलला.
आता वेर्ण्याच्या पठारावर रात्रीचे पावणेदोन,
तिमाही निकालाची सहावी आवृत्ती छापून होतेय,
तर सांगते.

मी टायपिंगमधून आले.
माशेलची पोर, मराठी शाळेतली,
मिनिटाला तीस शब्द आणि एकच बरा ड्रेस.
काचेच्या कुप्या करणारी ही कंपनी
नुकतीच शेअर बाजारात उतरली होती,
आणि भागधारकांची पत्रं पोत्याने येत:
चेक मिळाला नाही.
नवरा वारला, नाव कमी करा.
सही जुळत नाही, कारण हात थरथरतो.
कुणीतरी उत्तरं द्यायला हवी होती.
एवढंच.
याला करिअर म्हणतात, हे मला अकरा वर्षांनी
माझ्याच व्हिजिटिंग कार्डावरून कळलं.

ताळेबंद शिकवला लेखा विभागातल्या आल्बेर्तबाबने,
चहात पाव बुडवता बुडवता:
मासळीचा कल्ला उघडून बघतेस ना, बाये,
तशी आधी तळटीप उघड.

मग मुंबईहून विश्लेषक येऊ लागले.
एकजण म्हणाला, आकडा मी बोलतो,
बरोबर असेल तर तुम्ही नुसती मान हलवा.
मी मान हलवली नाही.
तेव्हा माझ्या मानेला पट्टा होता, हेही खरं,
पण लौकिक झाला तो झालाच.

आमच्या गावच्या कोमुनिदादीची सभा वर्षातून एकदा.
आजोबा धुतलेला कोट घालून जात.
खाजन शेतांची पावणी, बांधाचा खर्च,
सगळं मोठ्याने वाचायचं, उरेल ते गावकारांत वाटायचं.
त्या वाट्याला म्हणत जण.
मुलग्यांना मिळे. त्या वहीत मी नाही, आईही नाही.
मी दाराशी उभी, बारा वर्षांची,
आणि लेखनिकाने वाचताना एक ओळ गाळली.
बांध जिथे फुटला होता, ती.
सगळ्यांना कळलं. कुणी काही बोललं नाही.
पुढच्या वर्षी सभेला निम्मेच आले.

दोन नंबरची भट्टी एकोणीस दिवस बंद होती.
साहेबांनी लिहिलंय, नियोजित देखभाल.
मी लिहिलंय, बिघाड.
त्यांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं.
सहा आवृत्त्या म्हणजे हेच, बाकी सगळे स्वल्पविराम.

काल भावाचा फोन आला.
त्याच्याकडे आपले दोनशे शेअर आहेत,
मी नोकरीत कायम झाले तेव्हा कौतुकाने घेतलेले.
मुलीची फी भरायचीय. विकू की ठेवू, विचारत होता.
खिडकी बंद आहे, जुवेना,
सख्ख्या भावालाही बंद.
मी त्याला आईच्या गुडघ्याचं सांगत बसले,
डॉक्टर काय म्हणाले, कुठलं तेल लावतो,
तो हो हो म्हणत राहिला,
मग म्हणाला, बरं, ठेवतो.
ठेवतो म्हणजे फोन की शेअर,
ते मी विचारू शकले नाही.

उद्या चार वाजता कॉल.
मोठमोठे फंड विचारून झाले, की शेवटी
केप्याचे दत्ताराम शिरवईकर लाइनवर येतील.
चाळीस शेअर, वय ब्याऐंशी,
मागे कुकरची शिट्टी.
दर तिमाहीला एकच प्रश्न:
भट्टी पेटता मगो, बाय?
साहेब म्हणतात, त्यांना कुठे कळणार आहे
नियोजित म्हणजे काय ते.
नसेल कळत.
पण ऐकू येईल.

प्रिंटर थांबला बघ.
कागद संपला असेल.
खालच्या कपाटात आहे नवा गठ्ठा,
आणि येताना माझं लाल पेन.