प्लस-मायनस

हातात येतात एकोणीस हजार आठशे.
त्यातले चार गारगोटीला, धाकट्याच्या आयटीआयला.
उरलेल्यात घर बसवायचं.

मी मापं घेते. गोकुळ शिरगावात,
पंपाच्या केसिंगमध्ये गेज सोडून
काटा बघते आणि सांगते : पास,
नाहीतर परत.

रविवारी निघाले. एजंट खाडे,
डिकीत किल्ल्यांचा जुडगा, चिठ्ठ्या लावलेला.
"मॅडम, कळंबा बघूया आधी. हवा म्हणजे नाद खुळा."
हवा होती खरी, थेट तळ्यावरून येत होती.
भाडं साडेनऊ, डिपॉझिट पन्नास.
छाती भरून घेतली
आणि म्हटलं, पुढचं.

पाचगाव. चढावर दोन खोल्या.
गच्चीतून अख्खं शहर ताटात वाढल्यासारखं.
साडेपाच हजार!
नळ सोडला. नळानं नुसतं खाकरून दाखवलं.
"पाणी कधी येतं?"
"येतंय की."
"कधी पण?"
"येतंय ओ. एक दिवसाआड. कधी दोन."
शेजारच्या दारात निळे कॅन होते, सतरा.
मोजायची सवय आहे मला.

राजारामपुरीत कॉट मिळत होती, दार नऊला बंद.
माझी दुसरी पाळी सुटते अकराला.

रिंग रोडच्या फ्लॅटचं फोनवर सात हजार ठरलं होतं.
चहा आला, बिस्किटं आली.
बाईंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"
म्हणाले.
कप बशीत टेकायला जेवढा वेळ लागतो
तेवढ्यात भाडं साडेआठ झालं,
आणि भाचा पुण्याहून कायमचा परत यायचा ठरला.
खाडे खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागले.
त्यांच्या पायात चपला होत्या.

जिन्यात कोणी बोललं नाही.
दीड हजाराचा फरक
कुठल्या गेजवर दाखवायचा, हे मला शिकवलेलं नाही.

मग कसबा बावडा, नदीच्या अंगाला.
पहिल्या खोलीला ताजा पिस्ता रंग.
दाराआड नख लावलं, पापुद्रा निघाला,
आत मातकट रेघ.
"तेवढं एकोणीसचं हो मॅडम. आता काय येत नाही."
"नदीनं लिहून दिलंय?"
खाडे हसले. दिवसात पहिल्यांदा, मनापासून.
म्हणाले, "चला, एक दाखवतो. माझं कमिशन नाही त्यात."

मालूताई पोवाळकर. फॉल-पिको, ब्लाऊज शिवून मिळतील.
भिंतीवर बॉलपेननं आडवी रेघ,
खाली लिहिलेलं : आठ ऑगस्ट, सकाळी.
"हितवर आलतं. मशीन वर नेलं, फ्रिज गेला.
वरची खोली हाय, पाच हजार.
पण बघ, पाणी चढलं की आम्ही तिघं वर येणार,
मशीनसकट. आठ दिवस, धा दिवस.
चालत असलं तर घे."

पर्समधून टेप काढला.
रेघ पाच फूट चार इंच.
मी पाच फूट दीड.

शिरगाव इथून शहराच्या पार पलीकडे.
पेट्रोलचे दोन हजार जास्त, पाठीचे वेगळे.
रात्री अकरानंतर हायवे, ट्रक, एकटी स्कूटी.
सगळं मांडलं मनात. बेरीज काही सुंदर आली नाही.

पण ड्रॉइंगवर शून्य चूक कोणीच मागत नाही.
किती चुकेल ते लिहिलेलं असलं
की मी जॉब पुढं सोडते.

"पावतीवर नाव काय घालू?"
नावाबरोबर आडनावही सांगितलं, जरा मोठ्यानं.
तिनं लिहिलं. एक काना राहिला,
मी तिच्याच पेननं भरला.
"ऱ्हाऊ दे की गं," ती म्हणाली, "कळतंय."

संध्याकाळी गादी टाकली, खिडकीखाली.
बॅग माळ्यावर.
मग टेप घेऊन खाली गेले, मशीनची लांबी-रुंदी घेतली,
आणि वर येऊन कोपऱ्यात
खडूनं चौकोन आखून ठेवला.
दोन्हीकडे बोटभर जागा सोडून.