गाळी

माठाशेजारी उभं केलंय यंत्र.
बसवायला आलेला इराण्णा म्हणाला,
"काकू, आता गाळी एकदम छलो."
आई हसली.
कानडीत वारा म्हणजे गाळी,
आणि हे तर खरंच गाळतंय की.

निपाणीच्या वखारीत
अडतीस वर्षं तंबाखू चाळली तिनं.
तोंडाला पदर, पापण्यांवर जर्दा.
मुकादम म्हणायचा, होईल सवय.
झाली.
खोकल्याला, तिची.

आता रात्री खिडक्या बंद, हिरवा दिवा.
सलग चार तास झोपते.
मी जागा राहून मोजतो.

काल दुपारी ट्रंक उघडली,
वखारीतलं एक लुगडं काढलं
आणि नुसतं झटकलं दोनदा.
दिवा लालभडक.
पंखा घोंघावत सुटला,
अंगणात कुणी परकं आल्यावर
कुत्रं उठावं तसा.

"बघ, ह्यानं वळखलं," आई म्हणाली.
"डाक्टर इचारत बसला, बिडी वढता का म्हणून."

मी खिडकीकडे धावलो.
ती जागची हलली नाही.
लुगड्याची घडी मांडीवर,
एक हात यंत्राच्या थरथरत्या पाठीवर,
आणि त्याला समजावत होती,
हळू,
"हुईल. हुईल सवय."