तिसरी पाटी

सावद्याला यंत्र आलं तेव्हा शेहेचाळीस अंश होतं.
कंटेनरच्या कडीला हात लावायची सोय नव्हती.
सफरचंदं निवडायचं यंत्र, जुनं.
शेठ म्हणाला, पिलबागेलाही घड येतोच की.
आता त्याला केळी शिकवायची होती.

त्यासाठी दोघे आले. थिएरी, फ्रान्सचा, साठीला टेकलेला,
आणि झ्बिग्न्येव, पोलंडचा, ज्याचा
आमच्या निंबानं पहिल्याच दिवशी झिबूभाऊ केला.
एकाच जीपमधून आले,
दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत.
केळी दोन्हीकडे सारखीच होती.

आपसात इंग्रजी बोलायचे, माझ्याइतकीच मोडकी.
मला बरं वाटायचं ऐकून.

यंत्राला दोन पाट्या.
खालची पितळी, थिएरीच्या गावची, अक्षरं झिजलेली.
तिच्यावर अर्धी चढलेली ॲल्युमिनियमची, झिबूच्या गावची.
थिएरी रुमालानं पुसायचा ती फक्त खालची.

बावीस वर्षं चालवलं मी हे, म्हणाला एकदा.
मग एका शुक्रवारी सांगितलं, सोमवारी येऊ नका.
यंत्र पोलंडला निघालंय. तिकडे माणूस स्वस्त.

झिबू पान्हा फिरवत राहिला.
ट्रकमधून उतरवलं ते मीच, म्हणाला.
पट्ट्याखाली एक हातमोजा अडकला होता. डाव्या हाताचा.
थिएरीनं विचारलं, पिवळा?
पिवळा.
त्यानंतर त्या दिवशी फारसं काम झालं नाही.

त्यांच्याकडे म्हणे तेव्हा एक बागुलबुवा निघाला होता,
पोलंडचा नळवाला.
येईल, निम्म्या पैशात नळ बसवील, पोटावर पाय देईल.
झिबू म्हणाला, माझा भाऊ खरंच नळवाला.
लिऑंला गेला होता. एक म्हातारी त्याला रोज सूप द्यायची
आणि मत त्याच्याविरुद्ध द्यायची.
थिएरी हसला, पण उशिरा.
आता आमच्याकडे युक्रेनचे येतात, झिबू म्हणाला,
आणि माझा साडू बोलतो ते ऐकून
मला ती म्हातारी आठवते.

मी खाली बघितलं.
शेडबाहेर निंबाच्या सावलीत दितलीबाई आणि तिच्या अकराजणी
यंत्र जुळताना बघत बसल्या होत्या.
सातपुड्यातून उतरल्या तेव्हा
यांनी मजुरीचा भाव पाडला, असं चौकात बोलत होतो आम्ही.
आम्ही म्हणजे मीही, देविदास भंगाळे, शिफ्ट इनचार्ज.
आता या यंत्राला भाव विचारायचा कोणी?

दुपारचा डबा माझ्या घरून यायचा.
भरीत, ठेचा, कळण्याची भाकर.
त्या काळपट भाकरीचा तुकडा हातात घेऊन
थिएरी एकदम म्हणाला, ख्लेब.
झिबूचा घास थांबला.
लहानपणी शेजारी तुमचेच लोक होते, थिएरी म्हणाला,
कोळशाच्या खाणीवर आलेले, आजोबांच्या वेळेपासूनचे.
त्यांच्या स्वयंपाकघरात एवढा एकच शब्द शिकलो.
झिबूनं आपल्यातली अर्धी भाकर मोडून
त्याच्या ताटात ठेवली.
मग ठेच्यानं दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं,
ते ठेच्याचंच, असं आपण धरू.

शेवटच्या दिवशी शेठनं जळगावहून पाटी करून आणली.
मराठीत, लाल अक्षरात, गणपतीसकट.
झिबूनं माप घेतलं. मी ड्रिल धरलं.
मधोमध लावणार, तोच थिएरी म्हणाला,
जरा वर घे. खाली जागा सोड.
झिबूनं मान हलवली. त्या दोघांचं
तीन आठवड्यांत पहिल्यांदा
काही न बोलता एकमत झालं.

चार बोटं जागा राहिली.
ते गेले. बटण दाबलं. पहिली फणी सरळ गेली,
दुसरी अडकली, तिसरीपासून लागलं चालू.
दितलीबाई हिशेब घ्यायला आली, पैसे मोजले,
परत मोजले,
आणि पाटीखालच्या कोऱ्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाली,
भाऊ, हे कोणाचं?